डोक्यातली गाठ आणि घरचे डॉक्टर

माझ्या डोक्यात गाठ आहे हे कळल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न ‘आता काय करायचं?’ हा आला नाही. ‘आपल्या ओळखीचं कोण आहे?’ हा आला.

तो थोरल्या दिरांनी विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिलं, कारण प्रश्न विचारून समोरच्याला बोलू देणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांचे एक वर्गमित्र सर्जन होते. लहानपणी दोघं एकाच बाकावर बसायचे. “घरचा माणूस आहे,” दीर म्हणाले. “फीसुद्धा घेणार नाही.” एवढ्यावर माझ्या मेंदूचा निकाल लागला. वर्गात ते हुशार होते का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

गाठ सापडली ती अशी. खाली वाकलं की माझं डोकं दुखायचं. साधं नव्हे, आतून कुणीतरी दार ढकलतंय असं. आडवं पडलं की दहा-पंधरा मिनिटांत थांबायचं, आणि इतकं साफ थांबायचं की आपण उगाच कांगावा केला असं वाटावं. एका रविवारी सकाळी मंडईत वांगी निवडायला वाकले आणि पायांतलं बळच गेलं. शुद्ध होती, सगळं ऐकू येत होतं, पण पाय माझं ऐकत नव्हते. मी मेथीच्या ढिगाशेजारी बसकण मारली. भाजीवाली म्हणाली, “काय ओ ताई, भाव ऐकूनच बसला का खाली?” मग माझा चेहरा पाहून तिने पाणी दिलं, आणि दोन मिनिटांनी, “जरा सरकता का, गिऱ्हाईक उभंय,” असंही म्हणाली. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी चष्मा, मग पित्त, मग वय अशा क्रमाने सगळ्यांवर संशय घेऊन शेवटी एमआरआय काढायला लावला.

रिपोर्टात लिहिलं होतं की मेंदूच्या अगदी मध्यभागी अकरा मिलिमीटरची सिस्ट आहे. सिस्ट म्हणजे चिकट द्रवाने भरलेली पिशवी. ती कर्करोगाची नव्हती. फक्त तिने जागा वाईट निवडली होती. मेंदूतलं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाण्याची जी अरुंद वाट असते, बरोबर तिच्या तोंडावर ती बसली होती. आमच्या गल्लीच्या तोंडावर एक गृहस्थ रोज आपली गाडी लावतात, तसं. गाडी छोटी आहे यात वाद नाही.

मी खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. आमची सॉफ्टवेअरं कशी वापरायची याच्या पुस्तिका लिहिणं हे माझं काम. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी एक वाक्य असतं : अडचण कायम राहिल्यास संबंधित विभागाशी संपर्क साधावा. हे वाक्य मी वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडावर फेकत आले आहे. माझ्या डोक्याचा संबंधित विभाग कोणता, हे शोधायला मला दीड वर्ष लागलं.

दिरांच्या मित्रांच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. बाहेर पाटी होती ‘मेंदू व मणका’. आत तीसेक माणसं बसली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या कमरेला पट्टा होता. काही जण बसले नव्हतेच, भिंतीला टेकून उभे होते. सगळे कंबर धरून होते. डोकं धरून बसलेली मी एकटीच. माणूस वीस वर्षं मणके दुरुस्त करत असेल तर पाटीवरचा मेंदू हा केवळ शोभेचा असू शकतो, हा विचार माझ्या मनात आला, आणि मी तो लगेच झटकला. घरच्या माणसाबद्दल असं मनात आणू नये.

आम्हाला नंबर लावावा लागला नाही. बाजूच्या दाराने आत घेतलं. पट्टेवाले लोक आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मी विसरलेले नाही.

डॉक्टर गोड माणूस. तीच तर अडचण होती. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली, मान तिरकी केली आणि म्हणाले, “काही नाही हो वहिनी. अशा गाठी किती तरी लोकांच्या डोक्यात असतात. कुणी बघायला जात नाही म्हणून कळत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.” मग दीर आणि ते त्यांच्या गणिताच्या मास्तरांवर वीस मिनिटं बोलले. मास्तर छडी कुठे लपवायचे, ती कुणी मोडली, हे सगळं मला आता पाठ आहे. माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी होती, त्यावर सात प्रश्न लिहिलेले होते. पहिला होता, वाकल्यावरच का दुखतं? चिठ्ठी पर्समध्येच राहिली.

कारण ओळखीच्या डॉक्टरांकडे जाण्याचे काही नियम असतात. ते कुठे लिहिलेले नसतात, पण आमच्याकडे सगळ्यांना येतात. ते फी घेत नाहीत, म्हणून आपण आंबा बर्फी न्यायची. ते ‘कशाला, कशाला’ म्हणणार, आपण ती टेबलावर ठेवायची. त्यांनी गर्दीतून वेळ काढलेला असतो, म्हणून आपण तो वाया घालवायचा नाही, म्हणजेच दुखण्याबद्दल बोलायचं नाही. फी भरलेला पेशंट प्रश्न विचारू शकतो. बर्फी दिलेला फक्त आभार मानू शकतो. आणि सगळ्यात मोठा नियम, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं नाही. त्यांना कळलं तर काय वाटेल? आपल्याला काय वाटतं, हा प्रश्न या नियमांत बसत नाही.

अशा तीन फेऱ्या झाल्या. तीन वेळा नवी फिल्म खिडकीकडे गेली, तीन वेळा मास्तरांची छडी मोडली.

मधल्या काळात मी न वाकता जगायला शिकले. पट्ट्यांच्या चपला सोडल्या. खाली पडलेली वस्तू पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांवर बसून उचलायची. ऑफिसात पेन पडलं की माझं ते उठणं-बसणं पाहून शेजारच्यांना वाटायचं मी व्यायाम करते आहे. केस मान मागे टाकून धुवायचे. देवासमोरची रांगोळी बंद. सल्ले मात्र सुरू होते. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “डोक्यात गाठ म्हणजे तुम्ही विचार फार करता.” त्यांच्या डोक्यात कधी गाठ होणार नाही याची मला खात्री आहे. एका योगवर्गाच्या बाईंनी शीर्षासन सुचवलं.

मला भीती वाटत होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की दीर म्हणायचे, “अगं, तो आहे ना.” जणू तो माझ्या डोक्यातच बसलेला आहे.

मग दिरांच्या मुलीचा साखरपुडा आला. कर्वे रोडवरचं कार्यालय, दुपारची वेळ, आणि मानाच्या खुर्चीवर आमचे डॉक्टर. दिरांनी मला हाताला धरून त्यांच्यापुढे नेलं. “नमस्कार कर.” आमच्याकडे मोठ्या माणसाला वाकून नमस्कार करतात. हात जोडले तर चालत नाही असं नाही, पण चार जणींच्या भुवया चढतात. गेले वर्षभर मी असे प्रसंग कमरेत लचक भरल्याचं सांगून टाळत होते. पण मणक्याच्या डॉक्टरांसमोर ती थाप कशी चालणार? मी वाकले.

दार आतून ढकललं गेलं. पाय गेले. मी पैठणीसकट त्यांच्या बुटांवर पडले. अंगठीची पेटी घेऊन उभी असलेली एक आत्या म्हणाली, “अगं बाई, साष्टांग!” लोक हसले. कुणीतरी फोटो काढला. तो फोटो पुढे नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘खरे संस्कार’ अशा मजकुरासह फिरला. डॉक्टरांनी मला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं आणि म्हणाले, “अहो वहिनी, एवढा नमस्कार नको.” मग मला खुर्चीत बसवून त्यांनी स्वतःच्या हाताने सरबत दिलं. “लग्नघरची दगदग,” ते दिरांना म्हणाले. “साखर कमी होते.”

ज्या आजारात पेशंट वाकला की कोसळतो, त्या आजाराचा पेशंट त्यांच्यासमोर वाकून कोसळला होता, आणि त्यांनी त्याला सरबत पाजलं. तिथे बसून लोकांच्या जेवणाच्या पंगती पाहताना मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की मी या माणसाच्या गोडव्याने मरणार आहे. मला मरायचं नव्हतं. निदान कुणाला वाईट वाटू नये म्हणून तर नक्कीच नाही.

सोमवारी ऑफिसात मी हे माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला सांगितलं. ती अमरावतीकडची, इथे पेइंग गेस्ट म्हणून राहते. तिने फोनवर तो फोटो पाहिला आणि ती अजिबात हसली नाही.

“मॅम, तुम्ही काहून थांबून राहिल्या? सेकंड ओपिनियन घ्या ना.”

“अगं, ओळखीशिवाय कसं जायचं?”

“मला तर इथे कुणीच ओळखत नाही. मी सगळीकडे अशीच जाते. फोन करायचा अन् विचारायचं, हे ऑपरेशन तुमचे डॉक्टर स्वतः करतात का, अन् कितीदा केलं. सिंपल.”

मी पुण्यात जन्मले, इथेच वाढले, आणि डॉक्टरला हा प्रश्न विचारता येतो हे मला चोविसाव्या वर्षी पुण्यात आलेल्या मुलीकडून कळलं. आम्हाला तो उर्मटपणा वाटला असता. आम्ही उर्मटपणा फक्त दुकानदार आणि रिक्षावाल्यांसाठी राखून ठेवतो.

दुपारी मीटिंग रूम अडवून मी फोन करायला बसले. पहिल्या हॉस्पिटलात विचारलं, “कुणाकडून आलात?” कुणाकडूनच नाही म्हटल्यावर पलीकडे अशी शांतता झाली की मला माफी मागावीशी वाटली. दुसरीकडच्या बाई म्हणाल्या, “डॉक्टर काय करतात ते डॉक्टरांना माहीत. आणि एक ते चार फोन करत जाऊ नका.” तिसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं, गाठीचं नाव दोनदा विचारलं आणि ठणकावून सांगितलं, “हे आमच्याकडे होत नाही. आमचे डॉक्टर ट्यूमर करतात. दुर्बिणीतून हे करणाऱ्या एक बाई आहेत, नदीपलीकडच्या हॉस्पिटलात. तिकडे जा. आमचा आणि तुमचा वेळ का घालवता?” आणि फोन आपटला. दीड वर्षात मला मिळालेला हा पहिला उपयोगी वैद्यकीय सल्ला.

त्या डॉक्टरबाईंकडे मी एकटी गेले. घरी सांगितलं नाही. रीतसर फी भरली, नंबर लावला, पावणेदोन तास बसले. बाहेर बसलेल्यांत एकाच्याही कमरेला पट्टा नव्हता. बऱ्याच जणांच्या डोक्यावर टाके होते आणि ते पेपर वाचत होते. ते पाहून मला बरं वाटलं.

बाई पन्नाशीच्या, बारीक, घाईत. माझ्याकडे पाहण्याआधी त्यांनी फिल्म प्रकाशाच्या पेटीवर लावली. पहिला प्रश्न विचारला, “वाकल्यावर दुखतं?”

मला रडू आलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि माझं रडणं संपेपर्यंत जुन्या फिल्म आणि नव्या फिल्म शेजारी शेजारी लावून पाहिल्या.

“पाय जातात?”

“दोनदा गेले.”

“शेवटचे कधी?”

“शनिवारी. साखरपुड्यात.”

त्या एकदम थांबल्या. मग त्यांनी मला पेनाने दाखवलं. दीड वर्षापूर्वीच्या फिल्ममध्ये मेंदूतले पाण्याचे कप्पे जेवढे होते, त्यापेक्षा आता चांगलेच मोठे झाले होते. गाठ वाट अडवत होती आणि पाणी मागे तुंबत होतं. “वाट पूर्ण बंद झाली तर वेळ मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी पडाल तेव्हा उठालच असं मी सांगणार नाही. हे या आठवड्यात काढायला हवं. थांबायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

आणि मी, जी आत्ताच मृत्यूबद्दल ऐकून बसले होते, ती म्हणाले, “आठवत नाही.”

बाईंनी कागदावर लिहिलं : स्मरणशक्तीवर परिणाम.

“नाही नाही,” मी घाईने म्हणाले, “आठवतंय. पण सांगता येत नाही. घरचे आहेत.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. असं ऐकण्याची त्यांची ही पहिली वेळ नसावी. लिहिलेलं खोडलं आणि म्हणाल्या, “मग आता तुमचे प्रश्न विचारा.” मी पर्समधून चिठ्ठी काढली. घड्यांवर ती फाटायला आली होती. सातही प्रश्न विचारले, आणि आठवा अमरावतीचा. त्यांनी त्याचं सरळ उत्तर दिलं, राग न मानता. गाठीशेजारूनच आठवणी साठवणारा एक नाजूक धागा जातो, त्यामुळे ऑपरेशननंतर काही दिवस, क्वचित कायमचं, विसरायला होऊ शकतं, हेही सांगितलं. मला खरं बोलणारं माणूस भेटलं होतं आणि ते गोड नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. मी गप्प झाल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते, “पण दादाला काय सांगायचं?”

मी हातातला कप टेबलावर आपटला. “सांग की बायको जिवंत राहायचं म्हणतेय. त्यांची परवानगी आहे का विचार.”

त्याने उठून माझ्या रिपोर्टची फाइल उघडली आणि दोन्ही फिल्म ट्यूबलाइटकडे धरून पाहत बसला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो त्या खाली ठेवत नव्हता.

दादांना शेवटी सांगितलंच. दादांनी मित्राला फोन केला. मित्र म्हणाले, “उत्तम! मीच आता तिकडे पाठवणार होतो.” दुसऱ्या दिवशी सगळ्या नात्यात बातमी गेली की डॉक्टरांनी गाठीवर दीड वर्ष बारीक लक्ष ठेवलं आणि नेमक्या वेळी योग्य हातात सोपवलं. मला अभिनंदनाचे फोन आले. एवढी ओळख कुणाची असते, असं लोक म्हणत होते.

ऑपरेशन झालं. कपाळाच्या वर, केसांत एक छोटं भोक, त्यातून दुर्बीण, आणि गाठ निघाली. पहिले दोन दिवस माझ्याकडे नाहीत. मी म्हणे एकच गोष्ट चार-चारदा विचारत होते. नवरा चारही वेळा उत्तर देत होता. तिसऱ्या दिवशी सकाळ संध्याकाळपर्यंत लक्षात राहिली. चौथ्या दिवशी मी पलंगाच्या कडेला बसून, मुद्दाम, खाली वाकून चप्पल पाहिली. काहीच झालं नाही. मी तशीच वाकून बसले, नर्स ओरडेपर्यंत.

त्याच दुपारी दीर आले आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर. नवऱ्याने खुर्ची दिली आणि तो पायथ्याशी स्टुलावर बसला.

“बघा वहिनी,” डॉक्टर हसून म्हणाले, “वेळेवर निघाली. मी म्हणतच होतो.”

“म्हणून ओळख लागते,” दीर म्हणाले.

“नाही, डॉक्टर,” मी म्हणाले. माझा आवाज बारीक येत होता. “तुम्ही मला दीड वर्ष थांबवलंत. मी तुमच्या पायांवर पडले तेव्हा तुम्ही मला सरबत दिलंत. मी मेले असते.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत गेलं. मग दीर मित्राकडे झुकून, मी ऐकू शकत नाही अशा समजुतीने म्हणाले, “डोक्याचं ऑपरेशन आहे. होतं का असं?”

डॉक्टरांचा चेहरा एकदम सैल झाला. “होतं, होतं. पुढच्या भागाला सूज असली की माणूस जरा मोकळं बोलतो. जाईल काही दिवसांत.”

आणि मला सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मीही तपासून पाहिलं. खरंच सूज बोलते आहे का? सेहेचाळीस वर्षांत मी कुणाला तोंडावर असं बोलले नव्हते. पण नाही, मला वार आठवत होता, सकाळचा उपमा आठवत होता, तीनही फेऱ्या आणि मास्तरांची छडी आठवत होती.

डॉक्टर खिशातला छोटा टॉर्च काढून माझ्यावर वाकले. “वहिनी, आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“छान. मी कोण?”

“दादांचे वर्गमित्र.”

त्यांनी टॉर्च बंद करून खिशात ठेवला आणि दिरांना म्हणाले, “चल, आराम करू दे.”

दोघं निघाले. आमच्याकडे दादा आले की नवरा त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला जातो. लग्नाला वीस वर्षं झाली, यात कधी खंड पडलेला नाही. दादा दारात थांबले, मागे वळून पाहिलं, पुन्हा थांबले.

नवऱ्याने माझं पाऊल चादरीवरून धरलं होतं. तो उठला नाही.